पडण्याचा विचार करणारा

माझी मुलगी आज पहिल्यांदा उतारावरून पळत जाऊन पॅराग्लायडरने एकटी उडणार होती. टेकडीवर एकजण तिच्या राखीव पॅराशूटची घडी घालत होता. "उघडेल ना हो हे?" मी विचारलं. त्याने घातलेली सगळी घडी उलगडून टाकली. "काका, मध्ये कुणी बोललं की आम्ही पहिल्यापासून घालतो."

पाठीवर मावेल अशी छत्री ज्याने पहिल्यांदा शिवली, तो माणूस मनात आला. सगळे उडण्याच्या नादात, आणि हा एकटा पडण्याचा विचार करत बसलेला. लोक त्याला अपशकुनी म्हणाले असतील. स्वतः उडी मारून दाखवली असेल, तेव्हा कुठे वैमानिकांनी ती पाठीवर घेतली असेल.

पडण्याचा विचार मीही आयुष्यभर केला. पण त्यातून काही शिवलं नाही. मुलीला नुसतं 'नाही' म्हणत राहिलो. पोहायला नाही, परगावी शिकायला नाही. त्याला काळजी म्हणायचो. खरं सांगायचं तर भीती माझी होती, आणि अडकून राहिली मुलगी.

"बाबा, डोळे तरी उघडे ठेवा हं," ती हसत म्हणाली.

मी पुढे होऊन तिच्या छातीवरचा पट्टा ओढून पाहिला. घट्ट होता.

"पळ," मी म्हणालो.