आईच्या राखाडी साडीतला लाल

मंडळी, आज दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

मागच्या वर्षी पुण्यात शिकताना मी एका प्रयोगात भाग घेतला होता. तिथले संशोधक डोक्याला तारांची टोपी घालून पडद्यावर राखाडी उभे पट्टे दाखवायचे आणि म्हणायचे, "शेजारचं वर्तुळ फक्त मनानं मोठं करा." शेवटच्या दिवशी कळलं, मेंदू लाल बघितल्यासारखा वागला की ते वर्तुळ मोठं व्हायचं; त्या पट्ट्यांत लाल रंग दिसावा असं वळण ते माझ्या मेंदूला लावत होते. तेव्हा मला हसू आलं होतं.

आज इंझोरीला घरी आले. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. अंगावर राखाडी उभ्या पट्ट्यांची नवी साडी.

"आई, लाल रंग तुले छान दिसून राह्यला."

तिचा हात थांबला. "लाल कुठी हाय व? राखाडी साडी हाय हे."

बाबा गेल्यापासून तिनं लाल नेसलेलं नाही. मी डोळे चोळले. लाल तसाच होता.

मग तिला सगळं सांगितलं. ती पदर हातात घेऊन हळूच म्हणाली, "मले बी शिकवतीन का ते लोकं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?