ओल्या दोराची गाठ

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि हे म्हणतोय कोण — तर मी! ज्याची थाप आमच्या गास गावच्या नाक्यावरून सुटली की बोळिंजला पोचेपर्यंत तिला नातवंडं झालेली असतात. माझ्या गोष्टीतली मगर आमच्या बावखलात मावत नाही. शेपूट रस्त्यावर येते आणि रिक्षा अडतात. हसलात ना? हसा. माझी सवयच ती — आधी हसवायचं.

बोळिंजला मी इंग्रजी बोलायला शिकवतो. एक क्रियापद मात्र दर बॅचला टाळतो — ‘लेट गो’. परवा एका मुलीने विचारलंच. सांगितलं : पहिला अर्थ, हातात धरलेलं सोडणं. दुसरा, मनात धरलेलं सोडणं. दुसऱ्यावर मी असा काही बोललो — माफी काय, मनःशांती काय — की पोरं भारावून गेली. मग ती म्हणाली, “सर, पहिल्याचं उदाहरण?” ‘खडू हातातून पडला’ वगैरे काहीतरी उदाहरण दिलं. मूठ मात्र उघडेना.

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. केळींना, भाजीला त्याचंच पाणी. पावसाआधी ते साफ करायचं. एकजण कमरेला दोर बांधून आत उतरतो, जलपर्णी ओढतो. दुसरा काठावर दोर धरतो. झाडाला बांधायचा नाही, हातातच धरायचा. कारण गाळात पाय रुतला तर हिसका हाताला कळतो. झाडाला काय कळणार?

त्या दिवशी हरी उतरला. माझा चुलतभाऊ. दोर माझ्या हातात देताना म्हणाला, “नीट धर रे. गप्पा नको ठोकू.”

मग मित्राचा फोन आला. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून मी त्याला मासा सांगत होतो — हरीच्या हाताला लागलेला भलामोठा मासा, जो मुळात नव्हताच. “केवढा?” त्याने विचारलं. मी दोन्ही हात पसरून दाखवला.

फोनवर. कुणाला दाखवत होतो मी?

दोर पाण्यात गेला. मला कळलंही नाही. मी सांगत राहिलो, मासा वाढत राहिला. हिसका बसलाच असेल ना? किती वेळा बसला असेल — आणि कुणाच्या हाताला?

पाण्याकडे बघितलं तेव्हा जलपर्णी हलत नव्हती. दोराचं टोक तिच्यात अडकलं होतं. मी उडी मारली, ओढलं, हरीला काठावर आणलं — हे खरं आहे, यात थाप नाही. लोक धावत आले, पण तो गेलेला होता. सगळे म्हणाले, भावासाठी जिवावर उदार झाला. मी मान खाली घातली. आणि त्यांना सांगितलं की हरीने आतच गाठ सोडली. माझ्या हाती आला तो रिकामा दोर.

आयुष्यात इतकं छोटं वाक्य मी कधी बोललो नव्हतो. म्हणूनच पटलं असेल का?

काकी, हरीची आई, तेव्हापासून एकच विचारते. “गाठ का सोडली रे त्यानं? पान्यातच जायचं होतं त्याला?” त्या सकाळी चहा गार केला म्हणून ती त्याच्यावर खेकसली होती. एवढंच. तिला वाटतं, तेवढ्यावरून तो गेला. अजून घरात चहा गाळला की एक कप बाजूला ठेवते, आणि गार व्हायच्या आत स्वतःच पिऊन टाकते.

या रविवारी मी तिला म्हणालो, “काकी, सोडून दे आता.”

माझ्या तोंडावर हात ठेवायला कुणी नव्हतं. “तू शिकलेला, बाबा. तुला जमतं,” म्हणाली आणि माझ्या पिशवीत केळी भरायला लागली. मी ती घेऊन आलो. खाल्लीही.

हरीने गाठ सोडली नव्हती. त्यानेच मारलेली, चांगली घट्ट होती. ओल्या दोराची गाठ बोटांनी सुटत नाही. मी दात लावले. तो समोर पडलेला होता. श्वास चालू होता की नाही, ते मी पाहिलं नाही. आधी गाठ सोडवली.

मग लोकांना हाक मारली.