दोनशे छप्पन्न नंबरांचं कापड

आमच्या सक्करदऱ्याच्या घरात एकच मोठं टेबल आहे. अर्ध्यावर माझं शिलाई मशीन, आणि त्या आठ दिवसांत उरलेल्या अर्ध्यावर सुनेचा लॅपटॉप. मधे कात्री, खडू, तिचा चहाचा कप आणि माझा चष्मा. त्या टेबलावरून आमचं भांडण झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. सासू-सुनेची गोष्ट म्हटली की लोक तेवढ्यासाठीच वाचतात.

सून नेटवर्कचं काम शिकलेली. लग्नाआधी एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या जोडण्या सांभाळायची. लेकरू झालं, पाच वर्षं घरी राहिली. नातू शाळेत जाऊ लागला तसा तिनं एका कंपनीत अर्ज टाकला. तोंडी परीक्षा छान झाली, प्रात्यक्षिकात अडली. तासाभरात चार ऑफिसांचं नेटवर्क मांडून दाखवायचं होतं, तिचं अर्धंच झालं. तिथल्या साहेबबाई भल्या असाव्यात. आठ दिवसांनी पुन्हा ये म्हणाल्या. तिसऱ्यांदा मात्र बोलावणार नाही, हेही म्हणाल्या.

घरी येऊन सून म्हणाली, "आई, डोक्याले गंज चढला माझ्या. नाही होत आता माझ्याच्यानं." आणि पोळ्या लाटायला लागली. एरवी तिच्या पोळ्या कशा गोल असतात. त्या दिवशी एकीला कोपरा, एकीला शेपटी. काय ते मला पोळ्यांवरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी नातवाला शाळेत सोडून आली, तरी लॅपटॉप उघडेच ना. मी म्हटलं, "काय अडलं ते मले तरी सांग वं."

"तुम्हाले काय सांगू, आई?"

"काहून? मी शिवण कोण्या शाळेत शिकली? जुनी पोलकी उसवून उसवून शिकली. तू उसवून दाखव, मी पाहते."

वैतागूनच तिनं लॅपटॉप उघडला. सरावाचं एक सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर पांढरं अंगण, त्यात माउसनं ओढून कॉम्प्युटर ठेवायचे, त्यांना जोडणारे राउटर ठेवायचे, वायरी जोडायच्या. खरं काहीच नाही, म्हणून काही जळायचं भ्यावही नाही. मला तर ते बाहुलीचं घरच वाटलं. मला समजावं म्हणून तिनं चार ऑफिसांना आपल्याकडची नावं दिली: सक्करदरा, गांधीबाग, उमरेड आणि नरखेड. नरखेड तालुक्यात माझं माहेर, म्हणून ते खास.

मग तिनं सांगितलं ते असं. प्रत्येक कॉम्प्युटरला घर नंबरासारखा एक नंबर लागतो. परीक्षेत शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, म्हणजे दोनशे छप्पन्न नंबर देतात. त्यातून प्रत्येक ऑफिसाला आपला तुकडा काढून द्यायचा. याला म्हणतात सबनेटिंग. पण तुकडा कसाही काढता येत नाही. अर्धा, अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा, असाच निघतो. एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा.

मी जुन्या वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली आणि तिच्यापुढं घड्या घातल्या. "असं का?"

"हाव, असंच. घडी पडली तिथंच कापायचं."

"मग काप."

प्रश्नात सक्करदऱ्याला पंचवीस कॉम्प्युटर होते, गांधीबागेला शंभर, उमरेडला दहा, नरखेडला पन्नास. तिनं प्रश्नातल्या क्रमानंच सुरुवात केली. पंचवीसांसाठी पट्टीच्या टोकाचे बत्तीस काढले. आता शंभरांना एकशे अठ्ठावीसचा, म्हणजे अर्ध्या पट्टीचा तुकडा हवा. पुढच्या अर्ध्याला तर आधीच चावा बसला होता, म्हणून तो गेला मागच्या अर्ध्यात, थेट शेवटापर्यंत. ती थांबली. "संपलं. पुढं जागाच नाही. त्या दिवशी इथंच मी अडली."

मी पट्टीवर बोट ठेवलं. "हे मधलं काय आहे? बत्तीसापासून अर्ध्यापर्यंत पडलंच आहे ना कापड."

तिनं त्या रिकाम्या भागावरून बोट फिरवलं.

"आणि मले एक सांग. पाठ कापायच्या आधी गळपट्टी कोण कापते वं?"

कापड बेतताना मोठे तुकडे आधी निघतात: पाठ, पुढचे भाग, मग बाह्या. गळपट्टी शेवटी, उरल्यासुरल्यातून. हे कोणी शिकवावं लागत नाही, एकदा कापड वाया गेलं की कायमचं लक्षात राहतं. तिनं नवी पट्टी घेतली. आधी शंभरवाल्याला अर्धी, मग पन्नासांना चौसष्ट, पंचवीसांना बत्तीस, दहांना सोळा. टोकाला सोळा उरले, ते राउटरांच्या आपसातल्या जोडण्यांना चार-चार करून पुरले. चिंधीही वाया गेली नाही. सून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

आता मला कुठं चैन पडते? तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मी एकटी करते, तू मटार सोल. तिनं मला वेगळी फाइल उघडून दिली. प्रत्येक ऑफिसात नमुन्याला दोन-दोन कॉम्प्युटर ठेवले. पहिला तुकडा झकास निघाला. दुसरा नरखेडचा. तो मी शिरस्त्याप्रमाणं चार नंबर सोडून सुरू केला. प्रत्येक तुकड्याला एक दार असते, राउटरचा नंबर, त्यातूनच सगळ्यांनी बाहेर पडायचं. ते मी माझ्या हिशोबानं शेवटाशी लावलं. आणि नरखेडचे दोन्ही कॉम्प्युटर आतच कोंडले. निरोपाचं एक पाकीट बाहेर निघेल तर शपथ.

सून मटार टाकून आली. वहीतला माझा हिशोब पाहिला. "आई, हे मधले चार नंबर काहून सोडले?"

"माया सोडली."

"काय सोडली?"

"माया. दोन तुकडे जोडायचे तर शिलाईत कापड जाते ना. बोटभर जास्तीचं ठेवावंच लागते."

ती खुर्चीत बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मीही हसले, पण जरा रागानंच. चाळीस वर्षं माया सोडून शिवलं, कोणाचं पोलकं आखूड झालं नाही. मग तिनं घडी दाखवली. कॉम्प्युटरची घडी जिथं पडायची तिथंच पडते, माझ्या चार नंबरांसाठी ती सरकत नाही. मी लावलेलं दार घडीपलीकडं, शेजारच्या तुकड्यात गेलं होतं. आपल्या घराचं दार शेजाऱ्याच्या भिंतीत!

"तशीही माया असतेच," ती म्हणाली. "प्रत्येक तुकड्याचा पहिला अन् शेवटचा नंबर कोणाले देत नाहीत. पहिला त्या तुकड्याचं नाव, अन् शेवटचा सगळ्यांले एकदम हाक मारायले."

"म्हणजे माया आतूनच धरली आहे."

तिचं हसू थांबलं. "हाव. आतूनच." घाईत तीच ते दोन नंबर वाटून टाकायची, हे तिनं तेव्हा कबूल केलं. त्यानंतर प्रत्येक तुकडा मोजताना ती पुटपुटू लागली: माया, माया. माझा मुलगा जेवताना म्हणाला, "घरात दोन इंजिनिअर झाले, पण मटार अर्धेच सोलले." त्याला तेवढेच वाढले.

सहाव्या दिवशी तिनं सगळं घड्याळ लावून केलं. तुकडे बरोबर, दारं बरोबर. आता राउटरांना रस्ते सांगायचे. राउटरला फक्त शेजार माहीत असतो. लांबच्या गावाला कोणत्या दारानं जायचं हे आपण लिहून द्यावं लागतं. तिनं लिहिलं आणि सक्करदऱ्याहून नरखेडला पाकीट सोडलं. पडद्यावर ते छोटं पाकीट चालताना दिसते, मला फार आवडते ते पाहायला. गांधीबागेत पोचलं, तिथून नरखेडला, थेट कॉम्प्युटरपर्यंत. आणि तरी शेवटी लाल फुली.

तिनं वायरी पाहिल्या, नंबर पाहिले. घड्याळ चाललंच होतं. तिच्या कपाळावर आठी पडली.

मी बटण लावत बसले होते. म्हटलं, "गेलं तर होतं. मी पाहिलं."

"मग उत्तर काहून नाही येऊन राहिलं?"

"आमच्या गावाले जायचं म्हटलं की माझी आई पहिले इचारायची, परतीची एसटी किती वाजता हाय? ते माहीत नसलं तर मुक्काम. त्या नरखेडवाल्याले परतीची गाडी सांगितली का तू?"

तिनं सांगितलीच नव्हती. एक ओळ लिहिली. पाकीट गेलं, टेकलं, वळलं, आणि आलं की परत. हिरवी खूण. तिनं उठून माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, तिच्या हाताला मटारचा वास होता. रोजच सोलत होतो आम्ही, सीझनच होता.

आठव्या दिवशी ती अकराला गेली. मी एक पोलकं शिवायला घेतलं आणि दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ती तीनला आली. चप्पल काढली, हातपाय धुतले. मग पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. पांढरा कागद, लांबट फाडलेला, घड्याच घड्या.

"साहेबबाई म्हणाल्या, हे काय करून राहिल्या? म्हटलं, कापड बेतून राहिली."

"मग?"

"मग काय. मोठं आधी. माया आत. शेवटी एका ऑफिसाचं पाकीट अडलं, दहा मिनिटं राहिली होती. मी मनात म्हटलं, परतीची गाडी."

"अन् आलं?"

"आलं, आई. सोमवारपासून कामावर जाते मी."

त्या संध्याकाळच्या पोळ्या कंपासनं काढल्यासारख्या.

आता ती रोज जाते. जायच्या आधी जुन्या लॅपटॉपवर, माझ्या फाइलमधे, काहीतरी एक मोडून ठेवते. कधी वायर काढते, कधी रस्ता चुकवते. संध्याकाळपर्यंत मी ते उसवून उसवून शोधते. चारदा हरले, बाकी सगळं सापडलं.

काल मी तिच्यासाठी मोडून ठेवलं. उमरेडच्या एकाच कॉम्प्युटरला दाराचा नंबर चुकीचा सांगितला, बाकी सगळं जागच्या जागी. ती आली, चहाचा कप पुढ्यात ठेवून, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता बसली. सगळ्या वायरी पाहिल्या, सगळे रस्ते पाहिले.

"आई, काय केलं तुम्ही?"

"शोध वं," मी म्हटलं, आणि मशीनमधे दोरा ओवला. चहा निवला तिचा. मी नाही सांगितलं.