एकेचाळीस पाकिटं

पेन तिच्या अंबाड्यात खोचलेलं असायचं. समोर रजिस्टर उघडं असलं, मी शेजारी बसलेली असले, तरी शिध्याचं वाटप चालू असताना ती ते पेन काढायची नाही. मी घाई केली की म्हणायची, "थांबा मॅडम, आदी पोराच्या हातात जाऊ दे. मंग लिवते."

मी शहापूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका आहे. ती सेविका, आणि तिची अंगणवाडी माझ्या यादीत शेवटची होती. शेणवे गावाच्या पुढे डांबर संपलं की अर्धा तास चालायचं, मग तो पाडा. पाड्यातल्या कुणाकडे जमीन नाही. दिवाळी झाली की बहुतेक घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तुम्ही अशा गावांतून हिंडला असाल, तर कुलूपसुद्धा न लावलेली ती दारं पाहिली असतील.

तिचं अक्षर गोल आणि ठसठशीत होतं. शेऱ्याच्या रकान्यात ती जवळजवळ गोष्टीच लिहायची. 'आई भट्टीवर. आजी आली. आजीला दिसत नाही म्हणून घरी नेऊन दिले.' मी एकदा रागावले, की हा रकाना एवढं लिहिण्यासाठी नसतो.

"मंग कुटं लिवू?" तिने अगदी सरळ विचारलं.

मग प्रत्येक सेविकेच्या हाती सरकारी फोन आला. रजिस्टर बंद, सगळं ॲपवर. शिध्याचं पाकीट द्यायचं तर मुलाच्या आईच्या मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा, मग आईचा चेहरा फोनला दाखवायचा. चेहरा जुळला तरच वाटप झालं असं धरायचं. कुठे गळती व्हायला नको, हा हेतू होता. सेविकांना तो समजावून सांगताना मला तो पटलेलाही होता.

पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर यायची. ती पन्नाशीची बाई पदर खोचून शिडी चढायची आणि खाली बायांची रांग. एका बाळंतिणीचे गाल इतके बसले होते की ॲप तिला ओळखेना. चारदा झालं. शेवटी शिडीवरून ती फोनला म्हणाली, "बाबा, लेकरू झालंय तिला, येवढं तरी समज!" सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. पाचव्यांदा चेहरा जुळला, तेव्हा तिने फोनच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

ते हसू दिवाळीपर्यंतच टिकलं. आया भट्टीवर गेल्या, त्यांचे चेहरे आणि मोबाइलही गेले. मागे म्हाताऱ्यांजवळ सहा मुलं राहिली. त्यातली एक दोन वर्षांची पोरगी वजनात फारच मागे होती. तिची आजी डोळ्यांनी अधू. पाकिटं खोलीत रचलेली होती, आणि ॲप ती द्यायला तयार नव्हतं.

तिने दिली. बंद झालेल्या रजिस्टरात प्रत्येक पाकीट लिहिलं, समोर आजी-आजोबांचे अंगठे घेतले.

दोन महिन्यांनी कार्यालयाच्या यादीत तिची अंगणवाडी लाल रंगात आली. मी तपासणीला गेले. ॲपप्रमाणे खोलीत असायला हवी होती त्यापेक्षा एकेचाळीस पाकिटं कमी भरली. तिने रजिस्टर पुढे केलं. मी टाकीच्या शिडीवर चढून पानांचे फोटो कार्यालयातल्या साहेबांना पाठवले. तिथेच त्यांचा फोन आला. "रजिस्टर आता ग्राह्य नाही, मॅडम. वरच्यांना स्क्रीनवर दिसतं तेवढंच."

अहवाल मला तिथेच भरायचा होता. त्यात दोनच पर्याय होते, साठा जुळतो किंवा जुळत नाही. शेरा लिहायला जागा नव्हती. मी शिडीवरूनच 'जुळत नाही' दाबलं.

ती खाली उभी होती. "खरं हाय मॅडम, नाय जुळत," ती म्हणाली. "पन ते पोरांच्या पोटात हाय ना?"

चौकशी लागली. ज्यांच्या आईचा चेहरा जुळत नाही त्या मुलांना शिधा देऊ नये, असं लेखी पत्र मीच तिला नेऊन दिलं. गावात बोलणं सुरू झालं, की बाईने पाकिटं म्हसा गावच्या जत्रेत गुरांना खायला म्हणून विकली. तिच्या सख्ख्या जावेनेही तेच सांगितलं. ती कुणाशी भांडली नाही. घरचे डाळ-तांदूळ शिजवून महिनाभर त्या पोरीला भरवत राहिली. मग घरचंही संपत आलं.

एका दुपारी ती पोरीला कडेवर घेऊन कार्यालयात आली. शेणव्यापर्यंत चालत आली होती. पोरीचं डोकं तिच्या खांद्यावर पडलेलं.

"मॅडम, मला काडा. चोर म्हना. पन हिचं तोंड घ्या त्या फोनमदी. हीच खानार हाय ना, मंग हिचंच तोंड घ्या."

"तशी सोय नाही गो त्यात."

"मंग तुमी द्या. तुमच्या हातानं द्या. मी हात नाय लावत."

मी साहेबांच्या दाराकडे पाहिलं. मग तिला म्हटलं, बघते. हे 'बघते' मी कितीजणींना म्हटलं असेल! ती पोरीला घेऊन निघून गेली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आजीने निरोप धाडला, आई आली आणि पोरीला भट्टीवर घेऊन गेली. मी ॲपमध्ये पोरीच्या नावापुढे 'स्थलांतरित' नोंदवलं. बाकीची पाचही हळूहळू तशीच गेली. महिनाअखेरीस तिची अंगणवाडी हिरवी झाली. "बघा, जमलं की," साहेब म्हणाले.

तिला कमी केल्याचं पत्रही मीच नेलं. तिने ते वाचलं नाही. "सही कुटं करू?" एवढंच विचारलं.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली. बैठकीसाठी मुरबाडला गेले होते, तर जीपच्या थांब्यावर ती उभी. हातात पिशवी, पिशवीत नाचणीचं पीठ आणि गूळ.

"मॅडम, त्या पोरीची भट्टी कुटली, तुमच्यात दिसतं काय?"

मी फोन काढला. नाव होतं, पुढे 'स्थलांतरित' होतं. कुठे, ते नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

जीपवाल्याने विचारलं, "कुठं जायचं, मावशी?"

"भट्ट्या जिथं असतील तिथं," ती म्हणाली आणि मागे बसली.

भट्ट्या बंद झाल्या, पाडा परतला. मी नव्या सेविकेबरोबर नोंदी करायला गेले. पोरीची आई एकटीच दारात बसली होती. मी विचारायच्या आधीच ती बोलू लागली.

"बाई आल्या हुत्या. चार भट्ट्या पायी हिंडल्या, मंग आमची गावली. पोर दोन दिस आदीच गेलेली."

मी हातातला फोन पिशवीत ठेवला.

"मी काम करत हुती. नाय केलं तर मुकादम सोडतो काय? बाई माझ्यापाशी आल्या. मला म्हनल्या, तू आज बस गो. मला सावलीत बसवली, आन् सांज होईतो माझ्या वाट्याच्या इटा त्यांनी उचलल्या."