हनुवटीवरचा तीळ

टॅबवर दोन बटणं एकदम दाबून स्क्रीनशॉट कसा काढायचा आणि त्यावरचं नको ते बोटानं कसं पुसायचं, हे आईला मीच शिकवलं. ती लोणारात ब्लाऊज शिवते. नेटवरचे गळे गिऱ्हाइकांना दाखवायचे, तर त्यावरचं दुसऱ्या दुकानाचं नाव पुसायला नको?

दिवाळीत घरी गेले, तेव्हा तिच्या टॅबमध्ये माझा फोटो दिसला. व्हिडिओ कॉलवर बोलताना मला न सांगता काढलेला, वर एका स्थळाकडे धाडलेलाही. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात नजर फोटोतल्या हनुवटीवर गेली. माझ्या हनुवटीवर जन्मापासून ठसठशीत तीळ आहे, अगदी आईसारखा. फोटोत तो नव्हताच.

"तीळ कुठं गेला माहा?"

"पुसला. राग काऊन येऊन राह्यला तुले? किती साफ दिसून राह्यली," आई शांतपणे म्हणाली. "पयले माह्याच फोटोवर करून पाह्यलं."

मी बोटानं सरकवून त्याच्या आधीचा फोटो काढला. कोऱ्या हनुवटीची एक बाई माझ्याकडे पाहून हसत होती. ती कोण, हे कळायला मला वेळ लागला.