नळीतून प्रभुभोजन

"स्क्वॅमस सेल कार्सिनोमा." उल्हासनगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. म्हणजे जिभेचा कॅन्सर. "काका, तंबाखू किती वर्षं?"

"बारा वर्षांपूर्वीच सोडली. प्रभूने सोडवलं."

डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारला. "मग गालात हा चुना कसला?"

शेजारी माझी बायको रूथ बसली होती. दर ईस्टरला मी चर्चमध्ये साक्ष द्यायचो, की प्रभूने मला तंबाखूतून मुक्त केलं. ऐकणारे रडायचे. मीही रडायचो, छान जमायचं. पुडी मात्र आनंदनगरच्या कंपनीत, लॉकरमधल्या सेफ्टी शूजच्या आत.

आम्ही बदलापूरला घरी आलो. दार लावून रूथ म्हणाली, "पहिल्या बाकावर बसून मी आमेन म्हणत होते. मलाही खोटारडी केलंत."

मग स्कॅन, रक्ततपासण्या, वेटिंग रूम. तिथे बसून मी देवाशी सौदा केला: जीभ वाचव, सगळ्यांना खरं सांगतो. ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ गेली. घरातला गोष्टीवेल्हाळ मी. पाहुणे चपला शोधू लागले तरी थांबत नसे. सुटले बिचारे.

नाकातून पोटात रायल्स ट्यूब, म्हणजे अन्नाची नळी घातली. मरणाची भीती होतीच. त्याहून मोठी भीती एकच: ज्याच्या नावाने खोटं बोललो, तो मला दारात तरी उभं करेल का?

कबुली वहीत लिहिली. रूथने ती चर्चमध्ये वाचली, किराण्याची यादी वाचावी तशी. दुसऱ्या दिवशी चुलत बहीण आली. "खोट्या जिभेला देवाने बरोबर शोधलं रे दादा," म्हणाली आणि मला गिळता न येणारी केळी ठेवून गेली.

चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन आले. नळी पाहून अडखळले. मी वहीत लिहिलं, "मी लायक नाही."

"लायक असतास तर मी कशाला आलो असतो?" ते म्हणाले. "पण हे असं, नळीतून..."

"तोंड यांनी खोटं बोलायला वापरलं, साहेब," रूथ म्हणाली. "नळीच बरी."

तिने भाकर द्राक्षरसात कुस्करून गाळली आणि नळीला सिरिंज लावली. चव नाही. फक्त छातीतून गार काहीतरी खाली उतरलं. त्यात माझं काहीच नव्हतं, गिळणंसुद्धा. मी नुसता पडून होतो आणि मला दिलं जात होतं.

मानेत गाठी परत आल्या आहेत. डॉक्टर आता पुढच्या ईस्टरचं बोलत नाहीत. रूथ म्हणते, तिने अजून माफ केलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी असा रिपोर्ट हातात घेऊन बसला असेल, तर आधी चांगलं व्हायचं आणि मग देवाकडे जायचं, असं ठरवू नका. मी चांगला झालो नाही. तरी त्याने मला घेतलं. आता त्याला सांगायला माझ्याकडे एकही गोष्ट उरलेली नाही, आणि मला शांत झोप लागते.