उताराला आडवं

लातुरातल्या एका बंगल्याच्या उतरत्या छपरावर मी हिरवळ लावत होतो. पाणी मातीतच मुरावं म्हणून वाफे पाडले होते, वरून खाली सरळ. कागदावर तो उतार फार आज्ञाधारक होता. चाचणीसाठी पाईप सोडला आणि सगळी माती अंगणात उतरली.

खाली घमेली भरणारी चाकूरची बाई उभी होती. घमेलं उचलण्याआधी माती चिमटीत चुरून बघायची तिची सवय. तिनं पदरानं तोंडावरचा चिखल पुसला.

"साहेब, उताराला आडवं पेरतेत की. तुमच्या घरी शेती न्हाई का?"

निलंग्याजवळ आमची बारा एकर आहे, उताराचीच. वडील जन्मभर आडवंच पेरत आले.

"नाही," मी म्हणालो.